वाघाचे दात आणि सात नंबर

चहाचा घोट आधी नीट गिळून घ्या, मंग पुढचं ऐका. ठसका लागला तर मी जबाबदार न्हाई! ही फजिती आठवली की माझे कान आजही गरम होतात.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा जाफराबादला मास्तर होतो आणि मला एक जगावेगळा नाद होता. पोरांच्या चित्रकथांची पुस्तकं असतात ना, त्यांच्या मुखपृष्ठासाठी चित्रकार हातानं जे चित्र रंगवतो, ते मी जमवायचो. छापलेलं न्हाई हं, असल! पुस्तक छापून झालं की छापखानेवाले ती चित्रं माळ्यावर फेकून देत. मी हात जोडून मागून आणायचो. गावात असा येडा मी एकटाच. बाकीचे मास्तर मला सरळ 'रद्दीवाले' म्हणत.

आणि एक दिवस खबर आली. जालन्यातला एक छापखाना बंद होऊन राह्यलाय, सामानाचा हर्रास आहे. हर्रास म्हणजे लिलाव हो! आणि त्या सामानात वाघाचं चित्र आहे.

तो वाघ! अहो, लहानपणी ते पुस्तक मी इतक्यांदा वाचलं होतं, की मुखपृष्ठावरच्या वाघाची शेपटी झिजून गेल्ती. त्याचं असल चित्र! साठवलेले सगळे पैसे खिशात कोंबले आणि पहिल्या एसटीनं जालना गाठलं.

छापखान्यात हीऽ गर्दी! पण मला गर्दी कुठली दिसते? कोपऱ्यात एका काळ्या धुडाला टेकून वाघ उभा होता. जबडा उघडलेला, पंजे हवेत, रंग जसाच्या तसा. शेपटीजवळ चिठ्ठी लटकत होती, 'सात'. मी गर्दीतून घुसत पार पुढं जाऊन उभा राह्यलो.

बोली पुकारायला मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हर्रास करणारे शेषराव अडते होते. आवाज असा, की छताची धूळ पडावी!

"सात नंबर! दोनशे कोण म्हणतं?"

दोनशे? मी तर वीस-पंचवीसचा हिशोब करून आल्तो! तेवढ्यात शेजारून आवाज आला, "दोनशे!"

बघतो तर मेंदी लावलेल्या दाढीचे एक गृहस्थ. लोक त्यांना सय्यदभाई म्हणत होते. चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन, वाकून, थेट वाघाजवळ डोकं नेऊन बघत होते.

मला इतका आनंद झाला म्हणता! इतकी वर्षं एकटा होतो, आज आपल्यासारखा दुसरा येडा भेटला. वैरी म्हणून भेटला, पण भेटला ना!

"सव्वादोनशे!" मी ओरडलो.

माझ्या सदऱ्यावरचा खडू बघून सय्यदभाई हसले. "मास्तर, दात बघितले का?"

"दातांवरच तर जीव जडलाय माझा!"

"एक बी तुटलेला न्हाई. असं काम आता होत न्हाई. अडीचशे!"

"बिलकुल न्हाई! अन् ती झेप बघा, झेप! तीनशे!"

"झेप?" ते जरा अडखळले. "हां, दाब म्हणता व्हय. दाब जोरदार हाय. साडेतीनशे! पण मास्तर, हे ठेवणार कुठं?"

"बैठकीत. भिंतीवर!"

"भिंतीवर?"

"खिळा ठोकून!"

सय्यदभाई माझ्याकडं बघतच राह्यले. "खिळा मजबूत घ्या बरं," ते हळूच म्हणाले. "चारशे!"

माझ्या खिशात किती होते? बराबर सव्वाचारशे! बसचं भाडंसुद्धा त्यातच. डोळे मिटले आणि म्हणालो, "सव्वाचारशे!"

"एकवार... दोनवार... तीनवार! सात नंबर मास्तरांचा!"

मी धावलो आणि वाघाला उचलून छातीशी धरलं.

"ओ मास्तर, ते ठेवा खाली," शेषराव म्हणाले. "ते आठ नंबर हाय. पाठीमागं बघा."

पालटून बघितलं. पाठीवर खडूनं ठळक आठ!

"मंग सात?"

शेषरावांनी त्या काळ्या धुडावर थाप मारली. ठण्ण! "हे. छापायचं मशीन. चाकाला चिठ्ठी दिसत न्हाई का?"

दात! अहो, ते चाकाचे दात! सगळा छापखाना खदाखदा हसून राह्यला, आणि मी एका लोखंडी मशीनचा मालक होऊन उभा. वाकून ते दात बघत बसलो. तेवढ्या वेळात शेषरावांनी आठ नंबर पुकारला, "रंगीत पुठ्ठा, दोन रुपये!" सय्यदभाई "दोन" म्हणाले, आणि संपलं. वाघ गेला!

मी कसाबसा त्यांच्याजवळ गेलो. "सय्यदभाई, म्हणजे तुम्हाला वाघ आवडला?"

"कशाचा वाघ? माझ्या छापखान्याच्या खिडकीची काच फुटलीय, तिथं लावतो."

माझ्या डोळ्यात पाणीच आलं. झालेलं सगळं सांगून टाकलं. सय्यदभाई इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढावा लागला.

"मशीन मला द्या," ते म्हणाले. "माझी बोली चारशेची, तेवढे मी भरतो. वरचे पंचवीस तुम्ही भरा."

भरले! मुकाट्यानं भरले. मंग त्यांनी वाघ माझ्या हातात ठेवला. मीही मान राखायला दोन रुपये पुढं केले.

"राहू द्या मास्तर," ते डोळे पुसत म्हणाले. "त्या मशीनला माझ्याशिवाय इथं एक बी गिऱ्हाईक न्हवतं. दोनशेचं मशीन तुम्ही मला चारशेला घ्यायला लावलं. आता तुमचे दोन रुपये घेऊन मी काय श्रीमंत व्हतो?"