शोभना रिसबूडचा क्लच

शोभना रिसबूडशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. हरलेले पुष्कळ पाहिलेत, त्यांत मीही आले. अबू धाबीच्या खलिफा सिटीत एका व्हिलाचे तुकडे पाडून मालकाने त्यात चार बिऱ्हाडं बसवली होती. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती आणि तीही नावापुरतीच. तिच्या कुकरची शिट्टी माझ्या स्वयंपाकघरात वाजायची.

ती मूळची चिंचवडची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून स्कूटरच्या कारखान्यात टेस्टिंगला लागली. नवी गाडी तयार झाली की ही ट्रॅकवर पळवायची आणि कुठे काय बिनसलंय ते आवाजावरून सांगायची. मग लग्न झालं, शैलेंद्रला अबू धाबीत नोकरी मिळाली आणि तिच्या हातातला पाना सुटला. त्यानंतर तिने सोळा वर्षं शेजाऱ्यांचे मिक्सर, मंडळाच्या गणपतीपुढच्या कारंज्याचा पंप आणि माझ्या गाडीचा एसी दुरुस्त करण्यात काढली. सगळे म्हणायचे, शोभना किती हौशी आहे. या शब्दाची तिला चीड होती आणि मलाही आहे. पुरुषाने केलं की ते काम, आणि बाईने केलं की हौस.

दोन हजार आठ संपता संपता मंदीने रीम आयलंडवरच्या क्रेन थांबायला लागल्या. शैलेंद्र ज्या टॉवरवर इंजिनिअर होता तो अर्ध्यातच राहिला. कंपनीने त्याला सांगितलं, हिशेब आवरेपर्यंत थांबा, मग तुमचा व्हिसा कॅन्सल. शोभनाचा व्हिसा त्याच्याच व्हिसावर टांगलेला होता, म्हणजे तिचाही गेला. मंडळात हळदीकुंकवाऐवजी निरोपाच्या पार्ट्या व्हायला लागल्या होत्या. शैलेंद्रने सोफा विकायला काढला. पोरगा, निनाद, पुण्यात हॉस्टेलला होताच, तेव्हा आता आपणही जाऊ, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं.

एका संध्याकाळी शोभना भिंतीपलीकडून ओरडली नाही, दारातून आली आणि म्हणाली, "मला नोकरी लागली."

अल ऐनच्या रस्त्यावर, अल खतीमच्या वाळूत, इद्रीस नावाच्या अमिराती माणसाचं बग्ग्या भाड्याने द्यायचं दुकान होतं. चार चाकं, लोखंडी पिंजरा आणि मागे इंजिन असली ती गाडी वाळूच्या टेकड्यांवर पळवायला लोक सुट्टीच्या दिवशी येतात. मंदीत त्याचे दोन मेकॅनिक गावी निघून गेले होते. उरला होता पेशावरचा मुश्ताक. महिनाभर काम बघू, जमलं तर तुझ्या नावाचा व्हिसा काढू, असं इद्रीसने शोभनाला सांगितलं. तिला तेवढंच हवं होतं. स्वतःच्या नावाचा व्हिसा, आणि त्यावर हुद्दा मेकॅनिक.

"बग्ग्यांची मेकॅनिक?" शैलेंद्र म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोक पुण्याला चाललेत. म्हणायला उरणार कोण आहे इथे?"

शैलेंद्रची गाडी कंपनीने काढून घेतली होती. रोज मुश्ताक पिकअपमधून तिला न्यायचा आणि शुक्रवारी मी. मला वाळूची आवड नाही. चपलेत जाते आणि आठवडाभर निघत नाही. पण शोभनाला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

जाताना ती मला क्लच शिकवायची. बग्गीला हाताने टाकायचे गिअर नसतात. गिअर नसलेल्या स्कूटरसारखाच एक पट्टा असतो. इंजिन फिरलं की क्लचमधली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्याला दाबतात आणि गाडी वेग घेते. वजनं जड बसवली तर इंजिन शांत राहतं. हलकी बसवली तर ते ओरडत राहतं, पण जोर देतं. "मग जड बरी," मी म्हटलं. ती म्हणाली, "अर्थात."

तिथेच ती फसली. पहिली बग्गी तिने पुण्याच्या हिशेबाने लावली. जड वजनं, कारण गाडी कशी गुपचूप चालली पाहिजे आणि अ‍ॅव्हरेज दिलं पाहिजे. शॉकअप कडक, कारण डबलसीट बसणार आणि वाटेत खड्डे असणार. दुकानापुढच्या कडक जमिनीवर ती लोण्यासारखी पळाली. दुपारी एका कुटुंबाने ती टेकडीवर नेली. अर्ध्या चढावर इंजिनाचा दम गेला, पट्टा घसरला, जळक्या रबराचा वास सुटला आणि बग्गी मागच्या मागे घरंगळत खाली आली. कोणाला काही लागलं नाही, पण आतली बाई इतकी किंचाळली की रांगेतली निम्मी गिऱ्हाईकं निघून गेली.

मुश्ताकने झाकण उघडलं. आत पट्ट्याच्या काळ्या चिंध्या होत्या. "भाभी, ये क्या किया?"

"अ‍ॅव्हरेज के लिए," शोभना म्हणाली.

"यहाँ पेट्रोल पानी से सस्ता है. अ‍ॅव्हरेज किसको दिखाना है?"

मला हसू आवरेना. शोभनाने माझ्याकडे असं पाहिलं की ते आवरलं.

इद्रीस ओरडला नाही. सभ्य माणूस होता. म्हणाला, वर्कशॉप राहू दे, काउंटरवर बस. एसी आहे, फोन घ्यायचे, बुकिंग लिहायचं. व्हिसा देतो, सेल्सचा. खरं सांगते, मी असते तर त्याच क्षणी खुर्ची पुसून बसले असते. शैलेंद्रलाही हायसं वाटलं. काउंटर कसं, सांगायला बरं दिसतं. शोभना त्याला म्हणाली, "व्हिसा मिळावा म्हणून मी मेकॅनिक झालेले नाही. मी मेकॅनिक आहे, म्हणून मला व्हिसा हवाय."

दुसऱ्या दिवशी तिने इद्रीसला गाठलं. तीच बग्गी, तोच चढ, पुढच्या शुक्रवारी भर दुपारी, आणि चालवणार ती स्वतः. नाही चढली तर काउंटरही नको, ती घरी जाईल. हातात येऊ घातलेला व्हिसा तिने असा पणाला लावला. याला धाडस म्हणतात की डोकं फिरणं, यावर मी आणि माझा नवरा अजून भांडतो.

तो आठवडा तिने मुश्ताकचं डोकं खाल्लं. तिला क्लच कळत होता, त्याला वाळू. पहाटेची वाळू दवाने घट्ट असते, दुपारची तापून सुटी होते, तेव्हा सकाळी लावलेली गाडी दुपारी दगा देते, हे त्याने सांगितलं. मग तिने सगळी ट्रायल उन्हात घेतली. वजनं हलकी केली. मुश्ताकला बग्गीत बसवून गाडी किती दबते ते पाहिलं, पुढचे शॉकअप सैल केले, मागचे थोडे आवळले, म्हणजे चढावर गाडी मागे बसणार नाही.

गाडी आता मनासारखी लागली होती, पण शोभना नाही. हलक्या वजनांवर इंजिन किंचाळायला लागलं की तिचा पाय आपोआप उचलला जायचा. पाय उचलला की चढ संपला. मुश्ताक खालून ओरडायचा, "पाँव मत उठाओ, भाभी." एका रात्री तिने मला हे सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं. आवाज चढला की मागे सरायचं, हे आम्हा बायकांच्या अंगात किती मुरलेलं आहे.

शुक्रवारी नमाजानंतर इद्रीस करक चहाचा कप घेऊन छपराखाली उभा राहिला. शैलेंद्रही त्या दिवशी माझ्या गाडीतून आला होता. शोभनाने हेल्मेट घातलं, सीटचे पट्टे आवळले आणि निघाली.

चढाला लागताच इंजिनाने असा सूर लावला की मी कानावर हात ठेवले. मागच्या वेळी जिथे इंजिनाचा दम गेला होता, तिथे पुढची चाकं रुतली. आवाज आता पडणार, असं वाटलं. तो पडला नाही. नाक वर आलं, वाळू मागे उधळली आणि बग्गी टेकडीमागे दिसेनाशी झाली. जरा वेळाने ती बाजूने वळसा घालून आली आणि न थांबता पुन्हा चढली.

"खलास, शोभना. यल्ला, आ जाओ," इद्रीसने हात हलवला. तिने पाहिलं आणि आणखी एकदा चढली.

खाली आल्यावर तिने आधी झाकण उघडून मुश्ताकला पट्टा दाखवला. गरम होता, अखंड होता. मग ती इद्रीसपुढे उभी राहिली. "व्हिसा में मेकॅनिक लिखना."

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला तो है ही. आप हाँ बोलो."

इद्रीसने तिच्याकडे पाहिलं, मग टेकडीकडे. "हाँ," तो म्हणाला.

परत येताना शोभना माझ्या शेजारी बसली होती, नखांतलं ग्रीस रुमालाने काढत. शैलेंद्र मागे होता. तो म्हणाला, "चांगली चढली." आणि मग म्हणाला, "पुण्यातून नोकरीचं बोलावणं आलंय. मी दोन तिकिटं काढलीत. पुढच्या गुरुवारची."

"कधी काढलीस?"

"सोमवारी."

म्हणजे ती उन्हात चढ चढत होती तेव्हाच याने ती हरणार असं गृहीत धरलं होतं. मला इतका संताप आला की मी उगाचच हॉर्न वाजवला. शोभना मात्र शांत होती. तिने रुमालाची घडी घातली.

"माझं रद्द कर," ती म्हणाली.

"आणि माझं?"

"तुझं तू ठरव. मला उद्या लवकर कामावर जायचंय."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या मदतीला गेले नाही.