सामानातली विळी

कॅनडात जावयाच्या घरी आठवडाभर मोहिमेची तयारी चालली होती. उत्तरेकडच्या अफाट गोठलेल्या तलावावर बर्फाला भोक पाडून मासे धरायचे होते. तंबू, शेगडी, भोक पाडायचं यंत्र, पाण्याखालचा मासा दाखवणारा पडदा; राज्याभिषेकालाही इतकं सामान लागत नसावं. यादीत नावं मात्र दोनच, त्याचं आणि माझं.

"आई, तुम्हाला थंडी सोसायची नाही," तो माझ्या बायकोला म्हणाला.

ती मालवणची. आत जाऊन तिने आपली घडीची विळी आणली आणि त्या पडद्याशेजारी ठेवली. "निखिल, मासो गावलो तर कापतलो कोण? तुझां ह्यां यंत्र?"

आम्ही हसलो. मग मी त्या ढिगाकडे पुन्हा पाहिलं. बाकी सगळं सामान मासा मिळेल का, या धास्तीने जमवलेलं होतं. बहुतेक थाटमाट असाच जमत असावा. मासा मिळणारच, हे धरून चालणारी एकटी विळी होती.

निखिलने यादीत तिसरी खुर्ची लिहिली.

"खुर्ची कित्याक? पाट घे," ती म्हणाली. "खुर्चेर बसान कोण मासो कापता?"