जुन्या हबांची जोडी

चोर हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. पुढे कितीतरी दिवस मी त्या एका गोष्टीला धरून बसले. मी फक्त विचारलं होतं, "कुठून आणलं हे?" पण ते कसं विचारलं हे मला माहीत आहे, आणि त्या दिवशी दुकानात जे होते त्या सगळ्यांनाही कळलं होतं.

सेवाग्रामच्या रस्त्यावर आमचं सायकलचं दुकान आहे. नवऱ्याचं होतं, तो गेल्यावर मी चालवते. माझी शाळा चौथीपर्यंत. पंक्चर काढणं, डगमगणाऱ्या चाकाची आऊट काढणं ही रोजची कामं. पण लोक मला ओळखतात ते जुन्या परदेशी रेसिंग सायकलींच्या सामानासाठी. पूर्वी गोरे लोक आश्रम पाहायला सायकलीवर यायचे आणि मोडलेलं सामान आमच्याकडे टाकून जायचे. शेवटी शेवटी नवऱ्याच्या डोळ्यांना लोखंडावरची बारीक अक्षरं दिसेनात. मग तो विचारायचा आणि मी सांगायची, "पहिलं तंबूसारखं, दुसरं अर्ध्या भाकरीसारखं." त्यावरून तो देश ओळखायचा. असं बरीच वर्षं चाललं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण हब वाचता येतो.

हब म्हणजे चाकाच्या मधोमध डमरूसारखा तुकडा असतो तो. त्यातूनच स्पोक निघतात. अस्सल हबावर अक्षरं धातूत ठोकलेली असतात, नख फिरवलं की अडकतं. नकलीवर नुसती शाई असते. फ्रान्सच्या मालावर आपला नट दोन वेढे जातो आणि अडतो. जोर लावला तर दोन्ही वाया. काही इटलीच्या हबांत आतल्या चपट्या नटावर दोन आकडे असतात, ते बनल्याचं साल. मग एक्सल चिमटीत धरून हब हळू फिरवायचा, डोळे मिटून. आत खरखर असली तर बोटांना कळते. पुढचा आणि मागचा एकाच सालचे असले तर किंमत कितीतरी वाढते. एकटा हब कोणी अर्ध्या भावातही घेत नाही. आणि सगळ्यात आधीची गोष्ट, वस्तू हातात घेतल्याशिवाय बोलायचं नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवत आले.

त्या रविवारी नागपूरचं एक गिऱ्हाईक बसलं होतं. जुनं सामान जमवायचा त्याला नाद आहे, आणि माझा शब्द तो शेवटचा मानतो. शेजारचा चहावाला कप न्यायला आला होता. तेवढ्यात बोर धरणाजवळच्या हिंगणीचा एक गोंड माणूस आला. डॉक्टरांच्या चार बंगल्यांत तो बागेचं काम करायचा. लुगड्याच्या फडक्यातून त्याने दोन हब काढून टेबलावर ठेवले.

"बाई, हे काई कामाचं हाये का, पाहा बरं."

आठवडाभर आधी त्याच चारपैकी एका बंगल्यातून डॉक्टरीणबाईंची रेसिंग सायकल चोरीला गेली होती. सगळीकडे तीच चर्चा. मी हबांकडे पाहिलं नाही. त्याच्या पायांकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं.

"कुठून आणलं हे?"

"घरचं हाये."

"घरचं? तुह्या घरी रेसची सायकल?"

चहावाला म्हणाला, "बोर धरणावर रेस लावत असन बुवा!" सगळे हसले. मीही हसले.

"आंटी, लफडेवाला माल नको बरं का," नागपूरवाला म्हणाला.

तो माणूस सांगत होता, "एक गोरा आलता जंगलाकडं. तापानं फणफणला. माह्या मायनं आठ दिवस घरात ठेवलं त्याले. सायकल मोडली होती, ते ठेवून गेला." त्याचं कोणी ऐकत नव्हतं. तो बोलत असताना मी मागचा हब उचलला.

नटावरचे आकडे माझ्या लग्नाआधीच्या सालाचे होते. अक्षरांत नख अडकलं. पुढचाही त्याच सालचा. रुंदी बोटांनी मापली. डॉक्टरीणबाईंच्या सायकलचं काम मीच करायची. त्या सायकलच्या मागच्या चाकाला दहा दातेरी चकत्या होत्या, या हबावर पाचच बसतात. चाक अडकवतात त्या मागच्या चिमट्यात हा हब बोटभर सैल पडला असता. चोरीच्या सायकलचा तो असूच शकत नव्हता, आणि तिथे बसलेल्यांत हे फक्त मला कळत होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. मी हब खाली ठेवला आणि म्हटलं, "घेऊन जा." नुकतेच सगळे माझ्या प्रश्नावरून हसले होते. नागपूरवाल्यासमोर चुकले म्हणायची माझी तयारी नव्हती. दुसरं कारण नाही, मी शोधूनही पाहिलं.

आठ दिवसांत त्याची चारही बंगल्यांतली कामं सुटली. भाजीवालीने सांगितलं.

माझ्या लहानपणी आमचे वडील नवी चप्पल घालून गावात गेले की पाटलाची माणसं विचारायची, "कुठून आणली रे?" वडील घरी येऊन चप्पल कोपऱ्यात ठेवायचे आणि जेवायचे नाहीत. आम्ही दीक्षा घेतली, गाव सोडलं, दुकान टाकलं. आणि तोच प्रश्न मी त्याच आवाजात गोंडाच्या माणसाला विचारला.

महिना उलटल्यावर मी एसटीने हिंगणीला गेले. तो मजुरीला गेला होता. बायको अंगणात मोहफुलं वाळत घालत होती.

"चाय घेता, बाई?"

"नको. चुकलं माझं, ते सांगायले आली." आणि मी सगळं सांगितलं. आकडे, रुंदी, सगळं.

ती मोहफुलं पसरत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तुमाले तवाच कळलं होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई बोलल्या?"

"सगळे हसले होते. मग चुकले म्हणवेना."

"इथं माह्या कोंबड्याइले सांगून काय फायदा? ज्याइले हासवलं त्याइले सांगा. अन् चारही बंगल्यावर सांगा. मी येतो संगं."

पुढच्या रविवारी ती आली. नवरा आला नाही. मी दुकानात उभी राहून सांगितलं. चहावाला म्हणाला, "जाऊ द्या ना काकू, मजाक होती." नागपूरवाल्याने लगेच विचारलं, "मग तो माल आहे का अजून?" मी त्याच्यासमोर तिला जोडीची खरी किंमत सांगितली. ती म्हणाली, "इकाचं नाई आता."

मग बंगले. पहिल्या दोन ठिकाणी "बरं, पाठवा त्याला" म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी दुसरा माळी पाणी घालत होता. चौथा बंगला डॉक्टरीणबाईंचा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"पण मावशी, आम्ही तुमच्यावरच तर विसंबलो. सायकलचं काम तुमच्याकडे. तुम्हाला संशय आला म्हटल्यावर मी ठाण्यात त्याचंच नाव दिलं. दोन दिवस बोलावून बसवलं होतं त्याला."

हिंगणीत त्याची बायको याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मी मागे पाहिलं. ती फाटकाच्या बाहेरच उभी होती, आत आलीच नव्हती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी फोन करते ठाण्यात." मी मान हलवून बाहेर आले.

"त्या फोन करतो म्हणते," मी तिला सांगितलं.

"फोन त्याइचा त्याइले करू द्या," ती म्हणाली. "तुमी चाला. ठाणं राह्यलं आपलं."

ऊन चढलं होतं. ती पुढे चालली होती, मी मागे.