अर्लीन मागच्या रांगेत बसली

अर्लीन गॉडेट अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या आमच्या डोंगरातल्या गावात स्कूलबस चालवायची आणि दर मार्चच्या गावसभेत अध्यक्षही तीच असायची. साथीच्या काळात तिने सभा भरू दिली नाही. लोकांनी घरूनच टपालाने मतं पाठवली. हे गावाच्या जिव्हारी लागलं. साथ ओसरून सभागृह उघडलं, तेव्हा माणसं साठवलेला राग घेऊनच आत शिरली.

पहिलाच विषय अध्यक्षाच्या निवडीचा. गॅरेजवाला ड्वेन पेरो उठला.

"अध्यक्षबाई, माझी आई वृद्धाश्रमात काचेपलीकडे वारली. मी बाहेर बर्फात उभा. तेव्हा घेतलं होतंस का कुणाचं मत?"

वृद्धाश्रमाचा निर्णय तिच्या हातात कधीच नव्हता. हे ओरडून सांगावंसं वाटलं तिला, पण तोंडून निघालं ते सवयीचंच, "ड्वेन, विषयाला धरून बोल."

झालं! सभागृह खवळलं.

"आम्ही काय तुझ्या बसमधली पोरं आहोत?" म्हातारा हॉलिस किंचाळला आणि त्याने अध्यक्षपदासाठी ड्वेनचंच नाव सुचवलं.

आपल्याविरुद्धचे हात अर्लीनला स्वतःच मोजावे लागले. त्यात सख्ख्या बहिणीचा, कोलीनचाही हात होता. मान खाली, हात वर. अर्लीनने अध्यक्षाचा हातोडा ड्वेनच्या हातात दिला नाही, टेबलावर आपटला. ती दारापर्यंत गेली. मग वाटलं, पळाली म्हणतील. मागच्या रांगेत जाऊन बसली.

जेवणानंतर ठराव आला : घरोघरी फिरणाऱ्या नर्सला गावाने पैसे देणं बंद करावं. अर्लीनने हात वर केला. ड्वेनने तिच्या डोक्यावरून पाहत दुसऱ्यांना बोलावलं. ती उभीच राहिली.

"अध्यक्षसाहेब," ती दात खात म्हणाली, "मी या गावची मतदार आहे. बोलू द्यायचं नसेल तर तसं सभेला विचार."

ड्वेनचा चेहरा लाल झाला. शेवटी हॉलिसच कुरकुरला, "बोलू दे रे. मला ती बघवत नाही, पण बोलू दे."

"सगळी दारं बंद होती तेव्हा तुमच्या घरात कोण येत होतं?" अर्लीन म्हणाली. "माझ्यावरचा राग त्या बाईवर काढू नका. माझ्यावर काढायला मी इथेच बसलेय."

ठराव थोडक्या मतांनी पडला. टाळी एकानेही वाजवली नाही.

बाहेर चिखलातून कोलीन मागे धावली. "अगं, थांब ना! नर्ससाठी मी तुझ्याच बाजूने मत दिलं."

"नर्सला दिलंस, मला नाही," म्हणत अर्लीनने गाडी काढली.

वर्षभर दोघी बोलल्या नाहीत. पुढच्या मार्चमध्ये अर्लीन सगळ्यांच्या आधी सभेला पोचली आणि शेजारच्या खुर्चीवर आपला कोट टाकून बसली, म्हणजे कोलीन येईपर्यंत तिथे दुसरं कुणी बसू नये.