कानवाले मिस्त्री आणि जीपमधली चिमणी

पेट्रोल पंप ओलांडून थोडं पुढे गेलं की रस्त्याला लागून पत्र्याची एक शेड आहे. शेडवर पाटी नाही. चौतीस वर्षांत पाटीची गरज पडली नाही, कारण "कानवाले मिस्त्री कुठे?" असं विचारलं की पंपावरचा माणूस नुसता अंगठ्यानेच दाखवतो.

ही पदवी मिस्त्रींना ऐन तिशीत मिळाली. कोपऱ्यावरून ट्रक वळला की हातातला चहाचा पेला खाली न ठेवता ते सांगायचे, "तिसरा सिलिंडर लंगडतोय." इंजिनाचं झाकण उघडलं की तिसराच सिलिंडर लंगडत असायचा. समोरच्या शिंप्याच्या मशीनचा पट्टा सैल झाला, तेही त्यांनी रस्त्याच्या अलीकडून ओरडून सांगितलं होतं. "मला माणसाचं माप घ्यायला टेप लागते," शिंपी गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा बाबा बसल्या जागी अख्ख्या ट्रकचं माप घेतो."

मात्र गेली दोन वर्षं मिस्त्रींच्या कानांनी काम कमी केलं होतं. एकदम संप नाही पुकारला, एकेक खातं बंद करत आणलं. आधी पक्षी गेले. मग फोनची घंटा गेली, मग कुकरची शिटी. जाडे आवाज मात्र जागेवर होते. हॉर्न ऐकू यायचा, हातोडा ऐकू यायचा आणि समोरच्या शिंप्याचं हसणं ऐकू यायचं. यातलं शेवटचं गेलं असतं तरी मिस्त्रींची काही तक्रार नव्हती.

त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? कानवाले मिस्त्री बहिरे झाले म्हटल्यावर गाडी कोण आणणार? ज्या नावावर शेड उभी होती, तेच नाव शेड बंद करणार होतं. आणि शेड बंद झाली तर सकाळी उठून जायचं कुठे?

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. गाडी तपासायची असली की ते शेडमागच्या दोन खोल्यांच्या घरात डोकावायचे आणि बायकोला म्हणायचे, "चल गं, जरा चक्कर मारून येऊ."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. त्यातल्या पहिल्या छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून चारदा आलं असेल. आता ते आठवड्याला चारदा येऊ लागलं. बाई केसांवरून कंगवा फिरवायच्या, चपला घालायच्या आणि दुधाच्या टेम्पोत, विटांच्या ट्रकमध्ये, शाळेच्या रिकाम्या बसमध्ये मिस्त्रींशेजारी जाऊन बसायच्या. रस्त्याला लागलं की मिस्त्री अगदी सहज, हवापाण्याबद्दल विचारावं तसं विचारायचे, "काय म्हणतेय गाडी?"

"भांड्यावरचं झाकण थडथडतंय तशी म्हणतेय," बाई सांगायच्या. किंवा, "नाक चोंदलेल्या माणसासारखी. चढावर जास्त." मिस्त्री "हं" म्हणायचे आणि शेडमध्ये परतल्यावर बरोब्बर जागी पाना लावायचे.

"म्हातारपणी पालवी फुटलीय!" शिंपी दारातून ओरडायचा. "वहिनी, आज कुठल्या ट्रकमधून?"

"तुमच्या मशीनला चाकं लावा, तुमच्याकडेही येईन!" बाई उलट ओरडायच्या.

मिस्त्रींना आणखी एका गोष्टीचं समाधान होतं. बायको अलीकडे निवळली होती. पूर्वी दिवसातून वीस वेळा स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, ऐकलंत का?" आणि मागोमाग गॅस संपल्याची, नळ गळत असल्याची नाहीतर मुलीच्या सासूची बातमी यायची. गेली दोन वर्षं ही हाक एकदाही आली नव्हती. काही सांगायचं असलं की बाई चालत यायच्या, मिस्त्रींच्या पुढ्यात उभ्या राहायच्या आणि सावकाश बोलायच्या. मिस्त्रींनी हे शिंप्याला अभिमानाने सांगितलंही होतं. "कसं जमवलंस? मलाही शिकव," असं म्हणून शिंप्याने त्या दिवशीचा चहा स्वतः पाजला होता.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाईंच्या थोरल्या बहिणीचा पाय मुरगळला. बाई आठ दिवसांसाठी तिकडे गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी शेडच्या दारात जीप येऊन उभी राहिली.

जीप म्हणजे चारही चाकांना जोर लावता येणारी, डोंगरात चालणारी, कुठल्याशा सरकारी खात्याने लिलावात काढलेली. तिच्या दारावरचा मूळ रंग कोणता, यावर दोन माणसं वाद घालू शकली असती. चालवणारी होती गुरांची डॉक्टरीण. तिशीची, उन्हाने रापलेली, हातात कायम रबरी मोजे. वरच्या वस्त्यांवर ना रस्ता ना बस. तिथल्या गाईम्हशींची बाळंतपणं ती या जीपच्या जिवावर करायची.

"काका, हिचा आवाज येतोय," ती म्हणाली. "दोन गॅरेजवाल्यांना दाखवली. दोघंही म्हणाले, क्लचचं बेअरिंग गेलंय, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. तेवढा खर्च मला झेपणार नाही. तसं असेल तर मी हिला भंगारात देते आणि खालच्या दवाखान्यात टेबलामागे बसते. पण एकदा तुमच्या कानावर घालावी म्हटलं."

कानावर! मिस्त्रींनी नकळत टोपी खाली ओढली. बाई नव्हत्या. ते एकटेच जीपमध्ये बसले, डॉक्टरीण शेजारी. पहिला गिअर टाकताच खालून दणदणीत 'ठक' झालं. हरवलेलं मूल सापडावं तसा मिस्त्रींना आनंद झाला. ठक त्यांना ऐकू आलं होतं! इंजिन ज्या रबरी गादीवर बसतं ती फाटली होती. त्यांनी जुन्या गाडीची चांगली गादी काढून बसवली, पुन्हा चक्कर मारली. ठक गायब.

"बघ आता," ते ऐटीत म्हणाले. "हूं की चूं नाही."

डॉक्टरिणीने त्यांच्याकडे जरा चमकून पाहिलं. मान डोलावली आणि ती जीप घेऊन गेली.

सहाव्या दिवशी जीप परत आली. चौतीस वर्षांत परत आलेली ही पहिली गाडी.

"काका, रागावू नका," डॉक्टरीण म्हणाली. "ठक गेलं, पण मी ज्या आवाजासाठी आले होते, तो तसाच आहे. तेव्हासुद्धा येत होता. मला वाटलं, तुम्ही म्हणताय तर हळूहळू जाईल."

मिस्त्रींनी जीप पुन्हा फिरवून आणली. डॉक्टरीण मधूनच म्हणायची, "हा बघा. हा. आता बघा." मिस्त्री बघत होते. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवून पाहिली, गिअरबॉक्सवर तळहात ठेवून पाहिला. जुनी जीप, ती सगळीकडूनच थरथरते. त्यातली कुठली थरथर खरी, ते हाताला कसं कळणार?

"उद्यापर्यंत राहू दे," ते म्हणाले, आणि डॉक्टरीण चालत गेली.

त्या संध्याकाळी बाई बहिणीकडून परतल्या तेव्हा मिस्त्री पालथ्या बादलीवर जीपसमोर बसले होते. चहा गार झाला होता. बाईंनी पिशवी ठेवली, समोर येऊन उभ्या राहिल्या.

"ही कुणाची?"

"डॉक्टरिणीची. गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगतो तिला. बाकीचे दोघंही तेच म्हणतात." मिस्त्री बाईंकडे बघत नव्हते. "नाहीतरी आता किती दिवस करायचं हे? वय झालं. एकदा ही गेली की शेडला कुलूपच घालावं म्हणतो."

बाई आत गेल्या, कंगवा फिरवून आल्या आणि सरळ जीपमध्ये चढून बसल्या.

"मला चक्कर मारून आणा," त्या म्हणाल्या.

अडतीस वर्षांत हे त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या. मिस्त्री उठले.

जीप पंपाच्या पुढे गेली, उताराचा रस्ता लागला. मिस्त्रींनी सवयीने विचारलं, "काय म्हणतेय?"

"चिमणी बसलीय हिच्यात. सारखी चिवचिवतेय."

"कुठली चिमणी?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी रस्त्याकडे पाहिलं. अंगावर येणाऱ्या ट्रककडे माणसाने जसं पाहावं, तसं.

"एवढी मोठी चिवचिव आहे, की शिंप्यालाही ऐकू गेली असेल," बाई हळूच म्हणाल्या, आणि मग तोंड त्यांच्या कानाजवळ नेऊन पुन्हा म्हणाल्या.

मिस्त्रींनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात, त्या दिवशी."

"ते तर दोन वर्षांपूर्वी—"

"दोन वर्षं आणि तीन महिने." बाईंनी त्यांच्या हातावर, मनगटाच्या जरा वर, स्वतःचं बोट टेकवलं. "आता गप्प गाडी चालवा. चिमणी बोलली की मी बोट मारते. तुम्ही मोजा."

आणि बोट बोलू लागलं. टक् टक् टक् टक्. मिस्त्रींच्या सुरकुतलेल्या कातडीवर तो आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येत होता. त्यांनी वेग वाढवला. बोट भरभर चालू लागलं. कमी केला, बोट मंदावलं. मग उतारावर त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि तशीच वाहू दिली. एकदा इंजिन मोठ्याने फिरवलं, एकदा अगदी मंद केलं. क्लच दाबला, सोडला. बोटाला काही फरक पडला नाही. ते आपलं चाकांच्या चालीने चालत राहिलं.

"इंजिन नाही," मिस्त्री पुटपुटले. "क्लच नाही. गिअरबॉक्ससुद्धा नाही! चाकांबरोबर फिरणारं काहीतरी आहे. पण चाकापेक्षा भरभर." आणि एकदम ओरडले, "क्रॉस!"

"काय झालं हो?"

"क्रॉस! पुढच्या दांड्याचा! अगं, पुढच्या चाकांना जोर पोचवणारा लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला सांधा असतो. तो कोरडा पडलाय!"

त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, चाकांमागे दगड लावले आणि चौसष्ट वर्षांच्या माणसाने घालायला नको अशा उत्साहाने गाडीखाली अंग घातलं. दोन्ही टोकांचे बोल्ट सोडवून पुढचा दांडा काढला. मागच्या चाकांवर गाडी चालतेच. तपासायला एक पैसा लागत नाही. बोल्ट सुटतील तसे बाई हातरुमालात घेत होत्या, मोजत होत्या. "सात. आठवा कुठाय? तो बघा, तुमच्या कोपराखाली."

दांडा मागे टाकून त्यांनी परतीचा रस्ता धरला. मिस्त्रींनी हात बाईंच्या बाजूला पुढे करून ठेवला होता. बोट त्यावर टेकलेलं होतं. चढ गेला, वळण गेलं, पंप आला. बोट हललं नाही.

"बोलत का नाहीस?" मिस्त्री घाबरून म्हणाले.

"चिमणीच बोलत नाही, तर मी काय बोलू?"

शेडपाशी आले तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. बाईंनीही बोट काढलं नाही. समोर शिंपी दारात उभा होता, पण त्याने त्या दिवशी काही टोमणा मारला नाही. उगाचच टेप गुंडाळत आत गेला.

सकाळी डॉक्टरीण आली तेव्हा दांडा बाकावर होता. मिस्त्रींनी तिला सांधा हातात घेऊन दाखवला. वंगण भरायच्या तोंडात डोंगरातला चिखल सिमेंटसारखा बसला होता, त्यामुळे आत वर्षानुवर्षं वंगण पोचलंच नव्हतं. सांध्यात फिरणाऱ्या बारीक लोखंडी सुया गंजून पीठ झाल्या होत्या. "हा एक क्रॉस नवा घालायचा. दुसरा ठीक आहे, साफ करून वंगण भरलंय. दर महिन्याला पिचकारीभर वंगण घालत जा. बस्स. गिअरबॉक्सला हातसुद्धा लावायचा नाही."

"एवढंच?" डॉक्टरिणीने सांधा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "दोघांना सापडलं नाही ते तुम्हाला… काका, तुमचा कान म्हणजे खरोखर—"

इथे "हं" म्हणून गप्प बसता आलं असतं. मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं. बाई चहा घेऊन तिथेच थबकल्या होत्या.

"कान माझा नाही," मिस्त्री म्हणाले. "मला दोन वर्षं बारीक आवाज ऐकू येत नाहीत. त्या दिवशी तुझी गाडी ओरडत होती आणि मी ऐटीत हूं की चूं नाही म्हणालो. कान हिचे. मला नुसते पाने मारता येतात."

डॉक्टरिणीने सांधा बाकावर ठेवला. मग म्हणाली, "काका, माझी गिऱ्हाइकं तर कुठे दुखतंय हेसुद्धा सांगत नाहीत. मालकीण सांगते, मी औषध देते. म्हणून मी काय डॉक्टर नाही?" आणि बाईंच्या हातातला चहा घेऊन तिने कानांच्या डॉक्टरचा पत्ता बाकावरच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. मिस्त्रींनी तो खिळ्याला अडकवला. अजून तिथेच आहे. जाऊ म्हणतात.

शेडला कुलूप लागलं नाही. बातमी मात्र शिंप्यामार्फत दोन दिवसांत सगळीकडे गेली. फरक एवढाच पडला, की गाडी दारात लागली की ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारतो, "वहिनी आहेत का?" वहिनी कंगवा फिरवून बाहेर येतात.

आणि स्वयंपाकघरातली हाकही परत आली आहे. आता लपवायचं काही उरलं नाही म्हटल्यावर बाई पूर्ण दमाने ओरडतात, "अहो, ऐकलंत का?"

मिस्त्री कुठल्यातरी गाडीखाली शांतपणे बोल्ट आवळत असतात. मग रस्त्यापलीकडून उत्तर येतं, "मी ऐकलं, वहिनी! नळ गळतोय ना? सांगतो त्याला!" आणि शिंपी टेप गळ्यात टाकून रस्ता ओलांडतो, खाली वाकतो आणि मिस्त्रींच्या पायाच्या अंगठ्यावर बोटाने दोनदा टकटक करतो.