ट्वाइबूंची पोटं

ट्वाइबू मातोला यांनी उभ्या आयुष्यात कुणाला सुई टोचली नव्हती, पण सरोवराकाठच्या त्या जिल्हा रुग्णालयात ऑपरेशन शिकणारी डॉक्टर मंडळी त्यांना टरकून असत. ट्वाइबू रुग्णालयाचे शिंपी. चादरी, हिरवे झगे, रोग्याच्या अंगावर टाकायची भोकाची कापडं, सगळं त्यांच्या पायमशीनवर शिवलं जाई.

घोळ झाला तो नेटवर्कमुळे. अख्ख्या आवारात फोनला धड नेटवर्क यायचं ते फक्त शिवणखोलीच्या खिडकीत. त्यामुळे डॉ. वेझी न्यिरोंगो दर मंगळवारी दुपारी तिथेच फोन टेकवून बसायच्या. पलीकडून स्वीडनच्या लिंडक्विस्टबाई शिकवायच्या आणि चार देशांतले बारा शिकाऊ सर्जन ऐकायचे. वेझी देशाच्या उत्तरेकडच्या, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक. ट्वाइबू कपड्यांच्या ढिगाआडून ऐकत. स्वीडनच्या बाईंचं इंग्रजी त्यांना अर्धंमुर्धं कळे, टाके मात्र पूर्ण कळत.

बाईंनी सरावासाठी रबराची तयार कातडी विकत घ्यायला सांगितली. तिची किंमत वेझींना परवडण्यासारखी नव्हती, म्हणून पुढच्या मंगळवारी त्या डुकराचा पाय घेऊन आल्या. ट्वाइबू पाच वेळा नमाज पढणारे. त्यांनी मशीन थांबवलं आणि तो पाय एक तर बाहेर जाईल नाहीतर आपण जाऊ, असं शांतपणे सांगितलं. आपण गेलो तर खोलीला कुलूप लागेल, हेही पुढे जोडलं. पाय बाहेर गेला.

पण त्यांना चुटपुट लागली असावी. आठवडाभराने त्यांनी टेबलावर एक पोट आणून ठेवलं. कातडी सायकलच्या जुन्या ट्यूबची, चरबी फाटक्या गादीतल्या फोमची, स्नायू विटलेल्या हिरव्या कापडाचे आणि सगळ्यांत आत साखरेच्या पिशवीचं पातळ प्लास्टिक. वेझींनी चीर दिली तेव्हा एकेक थर अगदी बाईंनी सांगितल्यासारखा उलगडला. पडद्यावरचे सगळे जण पुढे वाकले.

तेव्हापासून ट्वाइबू दर आठवड्याला एक पोट शिवू लागले. आणि त्यांच्यातला खोडकर माणूस जागा झाला. एका पोटात आंब्याची कोय निघाली. दुसऱ्यात शर्टाचं बटण. वेझी दात-ओठ खात ते काढत आणि बाईंना सांगत, की ही गाठ आहे, काढून टाकली.

मग एका मंगळवारी पोटातून घडी घातलेला कागद निघाला. त्यावर चिचेवा या तिथल्या भाषेत एकच ओळ होती. बाईंनी काय आहे ते विचारलं. वेझी म्हणाल्या, काही नाही, कापडाची चिठ्ठी असेल. पण कागद कॅमेऱ्यासमोरच उघडा पडला होता, आणि लुसाकाच्या शिकाऊ डॉक्टरची भाषा जवळपास तीच. त्याने तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला: "डॉक्टर, तुमची तिसरी गाठ सैल पडते. घाई असेल तर बस पकडा, टाके घालू नका."

चार देश हसले. बाईंनी गाठ जवळून दाखवायला सांगितली. गाठ खरंच सैल होती.

वेझींनी त्या दिवशी फोन उचलला आणि ट्वाइबूंकडे न बघता निघून गेल्या. पुढचे दोन मंगळवार त्या आवारातल्या बाओबाबच्या झाडाखाली बसल्या. तिथे नेटवर्क तुटून बाई दर चार शब्दांनंतर पडद्यावर गोठायच्या. ट्वाइबूंनी दोन्ही वेळा पोट शिवून तयार ठेवलं, आणि दोन्ही वेळा ते टेबलावरच राहिलं. घरी त्यांनी बायकोला सांगितलं, की चिठ्ठीतला बसचा भाग जरा जास्त झाला.

तिसऱ्या मंगळवारी ते दुपारच्या नमाजावरून आले, खुंटीवरचा कोट काढला, हात घातला, तर हात बाहेर येईना. दोन्ही बाह्यांची तोंडं शिवलेली होती. बारीक, सारख्या अंतरावर, सर्जनच्या गाठींनी. त्यांनी चष्मा लावून एकेक गाठ नखाने ओढून पाहिली. एकही हलली नाही. शेवटी त्या ब्लेडने कापाव्या लागल्या.

वेझी दारात उभ्या होत्या. "काय बाम्बो, सैल आहे का कुठे?" वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं त्यांनी विचारलं.

"बाहीतून वारासुद्धा जात नाही," ट्वाइबू म्हणाले. "रोगी असता तर बरा झाला असता. या, बसा."

वर्षअखेरीच्या परीक्षेआधी बाईंनी ट्वाइबूंना निरोप धाडला, की पोट अवघड करा. त्यांनी ते मनावर घेतलं. आतड्यांच्या मागे सलाइनची नळी लपवून तिला जास्वंदीच्या लालभडक सरबताची पिशवी जोडली, आणि पिशवी स्वतःच्या काखेत धरून मागे उभे राहिले. परीक्षा शुक्रवारी होती. ट्वाइबू मशिदीला जायच्या पांढऱ्या झग्यातच आले होते.

वेझींनी पोट उघडलं. ट्वाइबूंनी काख दाबली. सरबत उसळलं. वेझी क्षणभर थबकल्या, मग बोटाने दाबून धरलं, कापड मागितलं, हळूहळू नळीपर्यंत पोचल्या आणि तिला घट्ट बांधलं. ट्वाइबू दाबतच होते. एकही थेंब येईना. त्यांनी आणखी जोर लावला आणि काखेतली पिशवी फुटली.

मशिदीत लोकांनी त्यांना वाट करून दिली. नमाज पढवणाऱ्या शेखने हळूच विचारलं, की कुणाला कापलं. ट्वाइबू म्हणाले, "मी नाही. मी फक्त पोट शिवलं होतं, कापलं डॉक्टरीणबाईंनी."

वेझी पहिल्या आल्या. बाईंनी त्या पोटाचा नकाशा मागवला, इतर रुग्णालयांना द्यायला. ट्वाइबूंनी तो पँटच्या मापासारखा काढून पाठवला: कंबर छत्तीस, शिलाईला अर्धा इंच जास्त. वेझी आता उत्तरेत सर्जन आहेत. त्यांच्या रुग्णालयातला शिंपी नवशिका, आणि असे आणखी सहा वेगवेगळ्या गावांत.

म्हणून हल्ली गुरुवारी दुपारी खिडकीत दुसरा वर्ग भरतो. पडद्यावर सात शिंपी, आणि शिकवायला ट्वाइबू. पहिल्या दिवशी त्यांनी सातही जणांना कॅमेरा आपापल्या मशीनवर धरायला लावला, सगळी मशीनं बराच वेळ बघितली, आणि आधी तेल घालून या म्हणून वर्ग सोडून दिला.