हत्तीच्या पोटाखालून

माझ्या नुसत्या खाकरण्यावर माझ्या चारही म्हशी माना वळवतात. त्यातली एक तर इतकी द्वाड, की जनावरांच्या डॉक्टरलासुद्धा लाथ घालते; पण माझा हात लागला की गपगार. आणि माझी नात, नुकती दोन वर्षांची झालेली, मला बघितलं की आईच्या खांद्यात तोंड खुपसून असा भोंगा लावायची, की शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय वो, मारताय काय पोरीला?" आता काय सांगायचं! मी नुसती समोर येऊन उभी राहिलेली असायची.

या हिवाळ्यात मुलगा-सून पोरीला घेऊन चार दिवस माझ्याकडं उचगावला आले होते, ते उगाच नव्हे. दोघंही पुण्यात नोकरीला. इतके दिवस सून घरूनच काम करत होती, पण आता सोमवारपासून रोज ऑफिसात या, असं कंपनीनं कळवलं होतं. सुनेची आई तिच्या लहानपणीच गेलेली. म्हणजे राहिलं एक पाळणाघर, नाहीतर मी. मुलानं आधी मलाच म्हटलं होतं, "आई, तूच चल की पुण्याला." मी एका वाक्यात तोडून टाकलं, "आणि म्हशींची धार काढायला तुझा बाप वरनं येणार हाय काय?" हे जाऊन तीन वर्षं झालीत, पण माझ्या भांडणात अजून त्यांनाच ओढते मी.

मग असं ठरलं, की पोरगी चार दिवसांत माझ्याकडं रुळली तर ती माझ्याजवळ राहील. नाही रुळली तर पुण्याला पाळणाघर. तीन दिवस गेले. लाह्या झाल्या, बाहुली झाली, आठवड्याचं रेडकू दाखवून झालं. पोरगी काही माझ्या कडेवर येईना. मी वरवर म्हणायची, "येईल की, कुठं जाती!" पण आतून जीव तुटायचा. एवढं मोठं घर आणि मी एकटी. ही पोरगी राहिली तर घरात कुणीतरी पसारा करेल, एवढंच मागणं होतं माझं.

पोरीला वेड एकच, हत्ती. चित्रातल्या हत्तीला पण बिस्किट भरवायची. म्हणून शनिवारी मुलानं गाडी काढली. चंदगडाच्या पुढं, सीमा ओलांडून तासाभरावर, जंगलखात्यानं नदीकाठी हत्ती सांभाळलेत. लाकडं ओढून म्हातारे झालेले, कुठं सापडलेले, कुठनं सोडवून आणलेले. मी पण तयार झाले. कापडी पिशवीत केळी घेतली, नारळ घेतला, आपल्या गुऱ्हाळातला गुळाचा मोठा खडा घेतला. मनात काय आहे, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

मनात असं होतं. भित्र्या मुलाला हत्तीच्या पोटाखालून काढलं की त्याची भीती जाते. आमच्या माहेरी, तिकडं सीमेकडच्या गावात, मी लहान असताना एकदा हत्ती दारोदार आला होता. गल्लीतली झाडून सगळी पोरं त्याच्या पोटाखालून या हातातून त्या हातात दिली होती. ही गोष्ट मी आयुष्यभर फुशारकीनं सांगत आले. "आम्ही हत्तीखालनं गेलेली माणसं, कुणाच्या बापाला भीत न्हाय," असं. लिहिताना मी आले-गेले लिहिते, पण तोंडानं आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखं आलो-गेलोच म्हणते. नव्या नवरीला, म्हणजे सुनेला, पहिल्या वर्षी त्याचं फार हसू यायचं. ती नाशिककडची.

पहाटे निघालो. काचेवर दव, बाहेर धुकं. गडहिंग्लज मागं पडलं ते मला कळलंच नाही. उसाचे तुरे धुक्यातून वर आलेले, बाकी खालचं रान कुठं गेलं कोण जाणे. डोळा लागायचा, उघडायचा. उघडला की काजूची झाडं, मिटला की माहेरची गल्ली. चंदगडाच्या अलीकडं भात कापून झालेली खाचरं होती, त्यांत धुकं दुधासारखं साचलेलं. शेजारी पोरगी आईच्या मांडीवर झोपली होती आणि झोपेत तिनं आईच्या कानाची पाळी धरली होती. मी बघत राहिले. मला वाटलं, ही गाडी अशीच चालत राहावी, कुठं पोचूच नये.

पोचलो तेव्हा नदी दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. पाणी उडाल्याचा, माणसांच्या हाका मारण्याचा. मग धुकं हललं आणि त्यातला एक काळा ढीग उठून उभा राहिला. त्याच्या मागं दुसरा. माहूत त्यांच्या पाठीवर बसून दगडानं अंग घासत होते आणि हत्ती पाण्यात कुशीवर पडून डोळे मिटून घेत होते, अगदी सणाच्या दिवशी न्हाऊ घातलेल्या पोरांसारखे. आमची पोरगी कठड्याला धरून उभी राहिली आणि एकच शब्द, हळू आवाजात, जणू देवळात आली आहे, "अत्ती." मला भरून आलं. खरंच सांगते, तेवढ्या वेळात मी म्हशी, घर, सोमवार, सगळं विसरले.

पण माझा स्वभाव मला गप्प बसू देतोय होय! मी एका म्हाताऱ्या माहुताला बाजूला घेतलं. माहेरची मोडकीतोडकी कानडी अजून जिभेवर आहे, त्यात थोडी मराठी मिसळून म्हटलं, बाबा, ही पोरगी भारी भित्री हाय, हत्तीच्या पोटाखालनं एकदा काढून दे. त्यानं हात जोडले. "अज्जी, आता चालत न्हाय ते. साहेब माझी नोकरी घालवतील. आणि हत्तिणीला पण विचारायला पाहिजे की." तिकडं आजीला अज्जीच म्हणतात. मी आणखी गळ घालणार, तेवढ्यात मागं सून.

"आई, तुम्ही तिला हत्तीच्या पोटाखालून काढणार होतात?" आवाज चढला नव्हता, पण चेहरा पांढरा पडला होता. "मला न विचारता?"

"अगं, भीती जाती. आम्ही न्हाय का गेलतो!"

"ती हत्तीला भीत नाही, आई. ती..." आणि ती थांबली. पुढचं मला न बोलताच कळलं. ती मला भिते.

मुलगा म्हणाला, "आई, काय हे तुझं!" झालं. माझं डोकं फिरलं. तुमची पोरगी तुम्हाला लखलाभ, असं म्हणून मी पिशवी उचलली आणि लांब एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर जाऊन बसले. पदरानं डोळे पुसले. मनात म्हटलं, संपलं, आता पाळणाघर.

मी बसले होते ती हत्तींची वाट होती, हे मला काय माहीत. अंघोळ झालेली एक म्हातारी हत्तीण माहुतासोबत हळूहळू वर येत होती. पावलांचा आवाजच नाही. अंगावर सावली पडली म्हणून मान वर केली, तर तिची सोंड माझ्या मांडीवर. ओली, केसाळ, गरम श्वास सोडणारी. गुळाचा वास लागला होता तिला. माहूत ओरडला, "अज्जी, हलू नका!"

हलतेय कशाला! आणि त्या क्षणी, डोळे गच्च मिटलेले असताना, मला माहेरची ती दुपार दिसली, जशी होती तशी. सगळी पोरं हत्तीखालून जात होती आणि मी धान्याच्या कणगीमागं, अंधारात, तोंडावर हात धरून बसले होते. आईनं हाका मारल्या, मी ओ दिली नाही. हत्ती गेला, मी बाहेर आले, आणि "मी पण गेलतो" म्हणून सांगितलं. पन्नासएक वर्षं तेच सांगत आले. मी हत्तीखालून कधी गेलेच नाही. भीती माझ्या आत तशीच राहून गेली होती.

हत्तिणीनं पिशवीतून गूळ काढून घेतला, केळीही घेतली, नारळ तेवढा ठेवला. आणि निघून गेली. माहूत हसला, काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. डोळे उघडायचं धाडस होईना.

तेवढ्यात गुडघ्यावर काहीतरी टेकलं. मला वाटलं, आली परत सोंड. बघते तर पोरीचा हात. मागं सून पळत येत होती, पण पोरगी तिच्या पुढं पोचली होती. ती माझा गुडघा थोपटत होती आणि रात्री दचकून उठल्यावर तिची आई तिला जे म्हणते, तेच मला म्हणत होती, "गेला, गेला. अत्ती गेला." मग तिनं हातातलं अर्धं चघळलेलं बिस्किट माझ्या तोंडात कोंबलं आणि माझ्या थरथरणाऱ्या मांडीवर चढून बसली. मी रडले. सून पण शेजारी येऊन बसली, माझ्या पाठीवर हात ठेवून. तिला मी तिथंच सगळं खरं सांगून टाकलं, कणगीसकट.

परत येताना पोरगी माझ्या मांडीवर झोपली. ऊन कलत होतं, गाडीत सगळं पिवळं-पिवळं झालं होतं. मुलगा खुशीत म्हणाला, "चला, काम झालं! उद्या आम्ही दोघंच जातो." मी जिंकले होते. मला जे पाहिजे होतं ते माझ्या मांडीवर होतं, गरम, लाळ गाळत. सून म्हणाली, "हं." आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

मग माझं लक्ष गेलं. पोरीचं एक पाऊल सुनेनं मुठीत धरलं होतं. आजरा फाटा गेला, गडहिंग्लज आलं, तिनं मूठ सोडली नव्हती. खिडकीकडं बघतच ती म्हणाली, "आई, रात्री ती उठते. तेव्हा दूध देऊ नका. फक्त कानाची पाळी धरू द्या. पाळी धरली की..."

हिला आई नव्हती. हिला झोपताना कुणाच्या कानाची पाळी मिळाली असेल?

"मीच येतो पुण्याला," मी म्हटलं.

मुलानं गाडी बाजूला घेतली. "आणि म्हशी?"

"धाकट्या जावेच्या गोठ्यात बांधतो. म्हशींचं नुसतं निमित्त हुतं रं. मी भीतो."

"कशाला?"

"लिफ्टला. नवव्या मजल्याला. दिवसभर बंद दाराला." दोघं हसले. मग सून हसता हसता रडायला लागली आणि मी तिला म्हटलं, गप, पोरगी उठंल.

आता तीन महिने झाले मला पुण्यात येऊन. म्हशींची आठवण येते, फोनवर जावेला त्यांच्या जवळ मोबाइल धरायला सांगते आणि खाकरते. माना वळवतात म्हणे. रोज संध्याकाळी सून कामावरून यायच्या वेळेला आम्ही दोघी तिला आणायला खाली उतरतो. लिफ्टचं दार बंद होतं, जमीन पायाखालून सरकते, आणि मी डोळे गच्च मिटते. मग कडेवरची पोरगी माझ्या कानाची पाळी धरते आणि खालपर्यंत म्हणत राहते, "गेला, अज्जी. गेला, गेला."